झिजलेला भाग भंगारात टाकण्यापूर्वी



गळीत हंगाम संपला की आपल्या कारखान्यात काय चालते ते आपण पाहिलेच असेल. मिलचे रोलर उतरवतात, शाफ्ट व बेअरिंग मोजतात, दाते झिजले असतील तर भरून घेतात. चालू मशीन खोलण्याची हौस म्हणून हे कोणी करीत नाही. हंगामात एक दिवस मिल बंद पडली तर गव्हाणीत ऊस थांबतो, काट्यावर वाहनांची रांग लागते आणि फडात तोडलेला ऊस वाळतो. म्हणून पावसाळ्यात खोलायचे, मोजायचे आणि नीट बांधायचे.

पण ज्या ट्रॅक्टरने हा ऊस काट्यावर येतो त्याच्या इंजिनाचे काय? त्याची आठवण आपल्याला जानेवारीत, दोन ट्रॉल्या भरलेल्या असताना आणि चढावर धूर निघाल्यावर होते. या लेखात उसाच्या लागणीबद्दल न लिहिता इंजिनाबद्दल लिहीत आहे, त्याचे कारण आमच्या घरी घडलेली एक गोष्ट आहे. चूक माझीच होती, म्हणून ती सांगायला संकोच नाही.

घरचा अनुभव

आमचा ट्रॅक्टर धाकटा भाऊ चालवतो आणि हंगामात ऊस वाहतूक करतो. काही वर्षांपूर्वी ट्रॅक्टर ऑईल खाऊ लागला, निळा धूर मारू लागला. हंगाम तोंडावर आलेला. वाहतुकीची उचल घेतलेली, तीच उचल पुढे तोडणी टोळीला दिलेली. मी भावाला म्हणालो, "विचार करत बसू नको, इंजिन खोल, नवीन किट टाक आणि चार दिवसांत बांधून घे." त्याप्रमाणे लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग सगळे नवीन बसले. जुना माल त्याच दिवशी भंगारात गेला. कोणी एक रिंगसुद्धा हातात धरून पाहिली नाही.

पुढच्या हंगामात जानेवारीतच पुन्हा तोच निळा धूर, तीच ऑईलची तहान. टोळी फडात बसून, बायामाणसे आणि लेकरे कोपीवर, तोडलेला ऊस बांधावर. तोडलेल्या उसाचे वजन आणि साखर दररोज घटते, हे मीच वर्षभर सभासदांना सांगत फिरतो. त्या दिवशी ते मला माझ्याच भावाच्या फडात पाहावे लागले.

या वेळी आम्ही एका जुन्या मिस्त्रीकडे गेलो. त्याने पहिला प्रश्न विचारला, "मागल्या साली काढलेल्या रिंगा कुठं हायत?"

"भंगारात घातल्या."

तो हसला नाही. म्हणाला, "साहेब, उसाला रोग पडला तर तुम्ही कांडी चिरून न बघताच औषध सांगता व्हय?"

मी गप्प बसलो. कारण पोंगा मेलेला दिसला की तो ओढून पाहावा, कांडी उभी चिरावी, आत खोडकिडीची अळी आहे की लाल कुजीचे तांबडे पट्टे आहेत ते पाहावे आणि मगच उपाय करावा, हेच मी वीस वर्षे शिकवीत आलो. इंजिनाला मात्र तो नियम लावला नाही.

खोलण्यापूर्वी

मिस्त्रीने पहिल्यांदा पाना हातात घेतला नाही. त्याचे म्हणणे, खोललेले इंजिन पुन्हा बांधण्याचा खर्च होतोच, म्हणून आधी बाहेरून पाहावे. काळा धूर म्हणजे डिझेल पुरते जळत नाही. हवेची वाट तुंबली असेल, नोझल ठिबकत असेल किंवा पंप जास्त डिझेल सोडत असेल. सकाळी थोडा वेळ पांढरा धूर थंड इंजिनाचा असतो. तो गेला नाही आणि रेडिएटरचे पाणीही घटत असेल तर पाणी आत जात आहे. निळा धूर म्हणजे ऑईल जळते आहे. चालू इंजिनाच्या ब्रीदरमधून भकाभका वाफ येत असेल तर रिंगांच्या बाजूने दाब खाली निसटतो आहे. डिपस्टिकवर ऑईल दुधासारखे दिसले तर त्यात पाणी मिसळले. पातळ होऊन पातळी वाढली तर डिझेल मिसळले. नुसत्या नोझलच्या दोषासाठी पूर्ण इंजिन खोलून बसणे हा शुद्ध तोटा.

खोलताना

खोलण्याची जागा झाडाखाली नसावी. वारा सुटला की तुम्ही पुसलेल्या बेअरिंगवर माती बसते. ऑईल काढताना ते स्वच्छ भांड्यात घ्यावे आणि तळाशी काय बसते ते पाहावे. चकाकणारा चुरा दिसला तर बेअरिंगची वाट लागली आहे असे समजावे.

हेडचे बोल्ट बाहेरच्या बाजूने थोडे थोडे ढिले करीत मधे यावे. बसवताना उलट, मधून सुरुवात करून बाहेर जावे, तेही टॉर्क पान्याने, दोन-तीन टप्प्यांत. पुश रॉड ज्या जागेचा त्याच जागी जायला हवा. पुठ्ठ्याला भोके पाडून त्यात ओळीने खोचून ठेवले की गल्लत होत नाही. कनेक्टिंग रॉडची आणि मेन बेअरिंगची टोपी एकमेकांत बदलू नये, उलटीही बसवू नये. ती आपल्याच जोडीदाराबरोबर घडलेली असते. नंबर दिसत नसेल तर खोलण्यापूर्वी खूण करावी. एवढी शिस्त पाळली नाही तर पुढचे सगळे मोजमाप व्यर्थ आहे.

काय पाहावे, कसे मोजावे

लायनर सगळीकडे सारखा झिजत नाही. पिस्टन वर जाऊन जिथे परततो, तिथे वरच्या रिंगेच्या जागी उष्णता जास्त, दाब जास्त आणि ऑईल कमी. म्हणून झीज तिथेच सर्वांत जास्त. बोटाने चाचपले तर काठाखाली एक कंगोरा लागतो. कंगोऱ्याच्या वर रिंग पोचत नाही, तो भाग मूळ मापाचा राहतो. बोअर गेज असल्यास वर, मधे, खाली अशा तीन ठिकाणी आणि प्रत्येक ठिकाणी आडवे व उभे असे माप घ्यावे. वरचे-खालचे माप वेगळे म्हणजे लायनर निमुळता झाला, आडवे-उभे वेगळे म्हणजे अंडाकृती झाला.

गेज नसल्यास मिस्त्रीने दाखवलेली युक्ती अशी. नवीन रिंग लायनरच्या अगदी तळाशी, जिथे झीज नसते तिथे, पिस्टनने सरळ ढकलून बसवावी आणि दोन टोकांमधली फट फिलर गेजने मोजावी. मग तीच रिंग वरच्या झिजलेल्या जागी बसवून फट मोजावी. दोन्हींतल्या फरकाला 3.14 ने भागले की व्यासातली झीज निघते. समजा खाली 0.40 मि.मी. व वर 0.85 मि.मी. आली. फरक 0.45, म्हणजे व्यासात झीज सुमारे 0.14 मि.मी. शाळेतले परिघाचे गणित इथे कामाला येते. किती झीज चालते हे मात्र ट्रॅक्टरच्या पुस्तकातच पाहावे, प्रत्येक मॉडेलची मर्यादा वेगळी असते.

क्रँकचे जर्नल मायक्रोमीटरने दोन ठिकाणी व दोन दिशांनी मोजावेत. गोलाई गेली असेल तर क्रँक ग्राइंड करून 0.25 मि.मी., म्हणजे मिस्त्री लोकांच्या भाषेत "दहा थाऊ", कमी मापाची बेअरिंग बसवतात. पुढचे माप 0.50. पण जर्नल ठीक असताना केवळ नवीन किट आणली म्हणून क्रँक ग्राइंड करून घेणे म्हणजे चांगले लोखंड कमी करणे आहे.

हेडवर सरळ पट्टी उभी, आडवी व कर्णावर ठेवून खालून फिलर गेज जातो का पाहावे. व्हॉल्व्ह बसवून पोर्टमध्ये रॉकेल किंवा डिझेल ओतावे. सीटमधून पाझरले तर व्हॉल्व्ह घासायला हवेत.

तडा पाहण्याची जुनी रीत ठोकण्याची आहे. क्रँक दोराला टांगून लहान हातोडीने ठोकले तर चांगल्या क्रँकचा आवाज घंटेसारखा खणखणीत येतो, तडा गेला असेल तर बद्द येतो. आपल्या जिल्ह्याला ही परीक्षा नवीन नाही. तेरच्या गोरोबाकाकांनी थापटण्याने ठोकून कच्चे-पक्के मडके ओळखले, ती कथा घरोघरी माहीत आहे. मात्र बारीक तडा कानाला कळत नाही. शंका असेल तर चांगल्या ग्राइंडिंग शॉपमध्ये तपासून घ्यावे.

झीज काय सांगते

आता आमच्या इंजिनाकडे येतो. मिस्त्रीने एकाच पिस्टनच्या रिंगा क्रमाने फडक्यावर मांडल्या. सर्वांत वरची रिंग पातळ झालेली, खालच्या बऱ्यापैकी शाबूत. लायनर वरच्या टोकालाच जास्त खाल्लेला. बेअरिंगवर मात्र फारसे ओरखडे नाहीत. तो म्हणाला, "कचरा ऑईलमधून आला असता तर आधी बेअरिंग खरवडलं असतं. हा वरून आलाय. हवेतून."

मग एअर क्लीनरकडून इंजिनाकडे जाणारा रबरी होज काढला. वरून तो धडधाकट दिसत होता. खालच्या बाजूला, क्लिपेजवळ, नखाएवढी चीर होती. आतून बोट फिरवले तर बोटाला पिठासारखी धूळ लागली. फडातल्या पायवाटेची आणि कारखान्याच्या रस्त्यावरची धूळ दोन हंगाम थेट इंजिनात जात होती. एअर क्लीनर भाऊ इमानाने साफ करीत होता, त्यातले ऑईलही बदलत होता. पण हवा क्लीनर टाळून त्या चिरेतून शिरत होती. किमतीत होज सगळ्यांत स्वस्त, आणि त्याच्यापायी दोन वेळा किट गेली.

अशाच आणखी काही खुणा ध्यानात ठेवाव्यात. लायनरच्या बाहेरच्या, पाण्याच्या बाजूला बारीक खोल खड्डे पडले असतील तर रेडिएटरमध्ये कूलंट न घालता नुसते पाणी वापरले जाते. बोअरचे जड पाणी असेल तर वर खारही धरतो. पिस्टनवर एका बाजूला वर आणि दुसऱ्या बाजूला खाली घासल्याची तिरपी खूण असेल तर कनेक्टिंग रॉड वाकला आहे. नवीन पिस्टनही तसाच खाल्ला जाईल. पिस्टनचा माथा एका जागी जळला असेल तर नोझल तपासावे. बेअरिंग शेलची पाठ चकाकत असेल तर ते जागेवर फिरत होते.

1897 साली जर्मनीत ऑग्सबर्गला रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन यशस्वी चालले. आपल्याकडे 1946 मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑईल इंजिन्सची स्थापना झाली आणि पुढे विहिरीविहिरींवर डिझेल इंजिनाचा ठोका ऐकू येऊ लागला. आता विहिरीवर बहुतेक विजेची मोटार आली आणि इंजिन ट्रॅक्टरमध्ये उरले. पण तेव्हा आणि आता, या इंजिनाला हवा स्वच्छ लागते, ऑईल स्वच्छ लागते आणि पाणी थंड लागते. यातले काय कमी पडले ते झिजलेल्या भागावर उमटलेले असते.

तरी सभासदांना व वाहतूक करणाऱ्या बंधूंना विनंती की, पावसाळ्यातच ट्रॅक्टर तपासून घ्यावा. इंजिन खोललेच तर स्वतः समोर बसावे, मापे वहीत लिहून घ्यावीत आणि का झिजले हे कळेपर्यंत जुना माल गॅरेजबाहेर जाऊ देऊ नये. एअर क्लीनरपासून इंजिनापर्यंतचा होज दर आठवड्याला हाताने वाकवून, खालच्या बाजूने पाहावा.

आमच्या घरी त्या हंगामातली वरची रिंग अजून खिळ्याला टांगलेली आहे. भाऊ सकाळी ट्रॅक्टर सुरू करण्यापूर्वी होजखाली हात घालून बघतो. मी काही बोलत नाही.