लाकडी धनुष्याला दोरी चढवताना

बंगळुरूसारख्या शहरात तिरंदाजी हा आता केवळ स्पर्धेचा खेळ राहिलेला नाही. नोकरी सांभाळून हौसेने धनुष्य हाती घेणारेही अनेक आहेत आणि त्यांपैकी काहींना चक्रे, तारा व दुर्बिणींनी सजलेल्या आधुनिक धनुष्याऐवजी साध्या लाकडी किंवा बांबूच्या धनुष्याचे आकर्षण वाटते. अशा नवशिक्याचे सारे लक्ष बाणाकडे आणि लक्ष्याकडे असते. मात्र लाकडी धनुष्य जायबंदी होण्याचा, किंवा ते निसटून चेहऱ्याला इजा होण्याचा धोका पहिला बाण सुटण्यापूर्वीच, दोरी चढवताना, उभा राहतो.

प्राचीन कथाकारांना ही अडचण चांगली ठाऊक होती. जनकाच्या दरबारातील शिवधनुष्य रामाच्या हातून मोडले ते बाण मारताना नव्हे, तर दोरी चढवून ते ओढताना. द्रौपदीच्या स्वयंवरातील अनेक राजे मत्स्यवेधापर्यंत पोहोचलेच नाहीत. त्यांना धनुष्य सज्जच करता आले नाही. ग्रीक महाकाव्यातील ओडिसियसच्या धनुष्यापुढेही त्याच्या पत्नीशी विवाह करू पाहणारे असेच हरले.

बंगळुरूच्या परिसरालाही धनुष्य नवे नाही. शहराच्या दक्षिणेस असलेल्या बेगूर येथे इसवी सन ९०० च्या सुमाराचा वीरगळ असून त्यावरील कन्नड लेखात 'बंगळुरूच्या लढाई'चा उल्लेख आहे. कर्नाटकातील असंख्य वीरगळांवर धनुर्धारी योद्धे कोरलेले दिसतात. १६३८ मध्ये हे शहर विजापूरकरांच्या ताब्यात आले आणि शहाजीराजांकडे जहागीर म्हणून सोपवले गेले. त्या काळात दख्खनच्या सैन्यात बंदुकांबरोबर तिरंदाजही होते.

दोरी चढवण्यातील धोका समजून घ्यायचा तर धनुष्याची पाठ आणि पोट ओळखता आले पाहिजे. लक्ष्याकडे असलेली बाजू ती पाठ, तिरंदाजाकडे असलेली ती पोट. धनुष्य वाकले की पाठ ताणली जाते आणि पोट दाबले जाते. बांबूचा बाहेरचा, सालीकडचा भाग ताण सोसण्यात बळकट असल्याने तो पाठीकडे ठेवतात. हीच बाजू चुकून आत आली, किंवा एक भुजा दुसरीपेक्षा अधिक वाकली अथवा पिळली गेली, तर तंतू उसवू लागतात. म्हणून दोरी चढवण्यापूर्वी पाठीवरून कापूस किंवा बोट हलकेच फिरवून कुठे चीर अथवा कूस उठली आहे का, हे पाहावे. तशी आढळल्यास ते धनुष्य वाकवू नये.

दोरी धनुष्याच्या लांबीपेक्षा साधारण साडेसात सेंटीमीटरने आखूड असते. तिचा एक फास खालच्या टोकाच्या खाचेत पक्का बसवायचा आणि दुसरा वरच्या भुजेवर सैल सरकवून ठेवायचा. नवशिक्यासाठी सर्वांत सुरक्षित साधन म्हणजे दोन्ही टोकांना खोळी असलेली मदतीची जादा दोरी. खोळी धनुष्याच्या दोन टोकांवर चढवून धनुष्य पाठ वर करून आडवे धरायचे, खाली लोंबणाऱ्या जादा दोरीवर पाय ठेवायचा आणि मूठ सरळ वर उचलायची. दोन्ही भुजा सारख्याच वाकतात. त्याच क्षणी मोकळ्या हाताने वरचा फास खाचेपर्यंत सरकवायचा. ताण हळूहळू सोडायचा, पण दोन्ही फास खाचेत नीट बसल्याची खात्री करूनच. चेहरा टोकांच्या रेषेत येऊ देऊ नये.

धनुष्य दोन पायांमध्ये घालून मांडीच्या आधाराने वाकवण्याची रीत चित्रांत रुबाबदार दिसते. तिच्यात लाकडी भुजा पिळली जाण्याची शक्यता मोठी असल्याने नवशिक्याने तिच्या वाटेला न जाणेच बरे. शिंग, स्नायू आणि लाकूड यांच्या थरांनी बनलेली जुनी मिश्र धनुष्ये तर दोरी उतरवल्यावर उलट दिशेला वळतात. ती हाताळणे जाणकाराचेच काम.

दोरी चढल्यावर मूठ आणि दोरी यांच्यातील अंतर तपासावे. लांब लाकडी धनुष्यात ते साधारण १५ ते १७ सेंटीमीटर असते. मुठीवर उभा अंगठा ठेवून हे अंतर मोजण्याची जुनी पद्धत आजही पुरेशी आहे. अंतर कमी भरल्यास धनुष्य उतरवून दोरीला काही पीळ द्यावेत. पीळ वाढला की दोरी आखूड होते. नवी दोरी पहिल्या काही दिवसांत ताणते, तेव्हा हे मोजमाप पुन्हा पुन्हा करावे लागते. लाकडी धनुष्याला किंचित ताणणारी पॉलिएस्टरची दोरी मानवते. आधुनिक धनुष्यांसाठीच्या न ताणणाऱ्या दोऱ्यांचा धक्का त्याच्या टोकांना सोसत नाही. सातपुड्यातील भिल्लांच्या पारंपरिक कमठ्याला तर बांबूच्याच सालीची पट्टी दोरी म्हणून लावली जात असे.

बाण बसवण्याची जागा दोरीवर दोऱ्याचे वेढे देऊन पक्की करतात. ती काटकोनाच्या रेषेपेक्षा काही मिलिमीटर वर असावी. खाली असल्यास बाणाचे पीस हाताला घासते. बाणाचा ताठपणाही धनुष्याला जुळावा लागतो, कारण सुटताना बाण किंचित वाकून मुठीला वळसा घालतो. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचे बाण सातत्याने डावीकडे जात असतील, तर ते बहुधा अधिक ताठ असतात. सुरुवातीला २० ते २५ पौंड ताणाचे धनुष्य पुरे. पहिले काही हेलकावे अर्धवट ओढून लाकूड सैल होऊ द्यावे. बाण न लावता ओढलेली दोरी मात्र कधीही सोडू नये. एरवी बाणाबरोबर निघून जाणारी शक्ती अशा वेळी भुजांतच परतते आणि धनुष्य तडकते. इमारतीची गच्ची वा वाहनतळ हे सरावाचे ठिकाण नव्हे. हलक्या धनुष्याचा बाणही शंभर मीटरपलीकडे जातो.

या साध्या धनुष्यावर अनेकांचे भवितव्य अवलंबून असते, हे हौशी मंडळींच्या सहसा ध्यानात येत नाही. देशांतर्गत स्पर्धांत 'इंडियन राउंड' हा प्रकार ३० आणि ५० मीटरवर बांबूच्या किंवा लाकडी धनुष्याने खेळला जातो आणि खेडोपाडीच्या मुलांसाठी तोच या खेळाचा दरवाजा ठरतो. राजस्थानच्या आदिवासी भागातील लिंबा राम बांबूच्या धनुष्यावरच वाढला. १९८७ मध्ये भारतीय क्रीडा प्राधिकरणाने त्याची निवड केली, पुढच्याच वर्षी तो सोल ऑलिंपिकमध्ये उतरला आणि १९९२ मध्ये बीजिंग येथे त्याने ३० मीटर प्रकारात ३६० पैकी ३५७ गुण मिळवून विश्वविक्रमाची बरोबरी केली. ऑलिंपिकमध्ये मात्र बांबूच्या धनुष्याला स्थान नाही. तिथे रिकर्व्ह हा प्रकार असून २०२८ च्या लॉस एंजेलिस स्पर्धेत कंपाउंडच्या मिश्र सांघिक गटाची भर पडणार आहे. या दोन्हींची सामग्री महाग असल्याने बांबूवर हात बसलेल्या मुलाची वाट बऱ्याचदा तिथेच अडते.

सराव संपला की दोरी उतरवावी, कारण सतत ताणलेले लाकूड वाकलेलेच राहते आणि त्याचा जोर ओसरतो. धनुष्य भिंतीला टेकवून उभे न ठेवता दोन खुंट्यांवर आडवे ठेवावे. बंगळुरूत मार्चमधील कोरड्या दुपारी लाकूड ठिसूळ होते, तर पावसाळ्यात ते ओल धरून मंदावते; अधूनमधून जवसाच्या तेलाचा वा मेणाचा हात फिरवल्यास हा फरक कमी होतो. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत ते तासभरही ठेवू नये.