पेढीतील परकी खिडकी

व्यापारी बंधूंनो, स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा धान्याची आवक अथवा साठवण ह्यांवर लिहावे, असे प्रथम मनात आले. परंतु त्या विषयात आपण सर्वच जाणते आहात. ज्या विषयात मी अजाण होतो आणि त्या अजाणपणाची किंमत रोख मोजली, त्यावर लिहिणे अधिक उपयोगाचे होईल.

सांवेर रोडवरील माझ्या गोदामात सोयाबीनची पोती उतरत असता फोनवर एक निरोप आला. गाडीभाड्यापोटी जादा भरलेली रक्कम परत मिळणार असून त्यासाठी अमुक ॲप घ्यावे, असा त्याचा आशय होता. मी ते ॲप घेतले. त्याच्या आतच माझ्या बँकेचे पान उघडले. तीच मुद्रा, तीच अक्षरे. मी ग्राहक क्रमांक, परवलीचा शब्द आणि मागाहून आलेला ओटीपी भरला. काही क्षणांत खात्यातून ४८,५०० रुपये गेले. संगणकाचे शिक्षण घेतलेला माझा नातू म्हणाला, "आजोबा, पान बँकेचेच असावे, खिडकी मात्र चोराची होती." ह्या वाक्याचा अर्थ समजण्यास मला बरेच दिवस लागले. तोच येथे माझ्या भाषेत मांडतो.

संकेतस्थळाचे पान आपणांस अखंड दिसते. वस्तुतः ते अनेक तुकड्यांचे बनलेले असते. भावफलक एकाचा, नकाशा दुसऱ्याचा, पैसे भरण्याचा भाग तिसऱ्याचा. दुसऱ्याचे चालते पान आपल्या पानात जसेच्या तसे बसविण्याची जी चौकट, तिला आयफ्रेम म्हणतात. पाने लिहिण्याच्या एचटीएमएल ह्या भाषेच्या १९९७ मधील चौथ्या आवृत्तीत तिला मान्यता मिळाली. ब्राउझर बाहेरचे पान रेखाटताना चौकटीपाशी येतो, तेथील पत्त्यावरून आतले पान स्वतंत्रपणे मागवितो आणि ठरवून दिलेल्या जागेत त्याचे चित्र उमटवितो.

समजा, आपल्या पेढीच्या एका खिडकीमागे दुसऱ्या पेढीचा मुनीम बसला आहे. जागा आपली, पण गादी त्याची. त्याचा रोजमेळ आपण उघडू शकत नाही व आपली खतावणी त्यास पाहता येत नाही. दोन पानांचे पत्ते भिन्न असले, की ब्राउझर त्यांच्यामध्ये अशीच भिंत उभी करतो. गुगलच्या क्रोम ब्राउझरने तर २०१८ पासून संगणकावर परक्या चौकटीचे कामच निराळ्या प्रक्रियेत चालविण्यास आरंभ केला. म्हणजे मुनीमास नुसती खिडकी नव्हे, वेगळी खोलीच दिली.

तथापि व्यवहार म्हटला की निरोप हवाच. त्यासाठी दोन्ही पाने एकमेकांस चिठ्ठी देऊ शकतात. "पैसे जमा झाले" ही चिठ्ठी आतून बाहेर येते. येथे दक्षता अशी, की चिठ्ठी कोणत्या पत्त्यावरून आली ह्याची बाहेरच्या पानाने रुजुवात केली पाहिजे. केवळ मजकूर वाचून माल सोडणारा कारकून जसा फसेल, तसेच ते पानही फसते.

चिठ्ठीचा आणखी एक साधा उपयोग आहे. आतले पान किती लांब आहे हे चौकटीस आपोआप कळत नाही. त्यामुळे लहान फोनवर कधीकधी शेवटचे बटण कापले जाते व ग्राहकास वाटते, की यंत्र अडले. आतल्या पानाने आपली उंची कळविली व बाहेरच्याने जागा वाढविली, की अडचण दूर होते. आपल्या पेढीचे संकेतस्थळ करून घेणाऱ्यांनी एवढे कारागिरास अवश्य विचारावे.

आता चोराच्या खिडकीकडे येऊ. ब्राउझरच्या चौकटीत भिंत बांधणारा तिऱ्हाईत असतो. तो पेढीवाल्याचाही नव्हे व मुनीमाचाही नव्हे. शिवाय "मला परक्या चौकटीत दाखवू नये" असे बँकेचे पान ब्राउझरला बजावू शकते व ब्राउझर ते पाळतो. परंतु ॲपच्या आत उघडणारी खिडकी निराळी. तिला वेबव्ह्यू म्हणतात व तिचा कारभार त्या ॲपकडेच असतो. ॲपवाल्याने मनात आणल्यास आतील पानात तो आपली आज्ञावली घुसवू शकतो आणि आपण टाइप केलेले प्रत्येक अक्षर टिपून घेऊ शकतो. येथे भिंत बांधणारा आणि भिंतीस भोक पाडणारा एकच. तराजू त्याचा, वजने त्याची आणि तोलणाराही तोच! पत्त्याची पट्टी दाखवावी की नाही, हेही तोच ठरवितो. ह्याच कारणास्तव गुगलने २०२१ पासून अशा अंतर्गत खिडक्यांतून आपल्या खात्यात प्रवेश देण्याचे नाकारले.

ह्याचा अर्थ प्रत्येक वेबव्ह्यू कपटी असतो असा नव्हे. अनेक प्रामाणिक ॲप सोयीसाठी तो वापरतात. मुद्दा एवढाच, की आतले पान खरे असणे पुरेसे नाही. ते दाखविणारा कोण, हेही पाहिले पाहिजे. आपण मालाचा नमुना पाहतो, पण सौदा करण्यापूर्वी नमुना आणणाऱ्याचीही चौकशी करतोच ना?

म्हणून माझ्या पेढीवर आता तीन नियम आहेत. बँकेचे काम बँकेच्या स्वतःच्या ॲपमध्ये, किंवा ब्राउझर उघडून पत्ता स्वतः लिहूनच करावे. निरोपातील दुव्यावरून ॲप घेऊ नये. आणि परक्या ॲपच्या आत परवलीचा शब्द कधीही लिहू नये. इतके करूनही घात झालाच, तर लाजेपायी वेळ न दवडता १९३० ह्या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी व बँकेस कळवावे. मी पहिले दोन तास घरात कोणास सांगू की नको, ह्या विचारात घालविले. तोवर निम्म्याहून अधिक रक्कम पुढे निघून गेली होती.

गेलेल्या रकमेची नोंद मी वहीत "शिक्षण खर्च" ह्या सदराखाली केली आहे. हा खर्च आपणांपैकी कोणास पुन्हा करावा लागू नये, एवढीच इच्छा.