बर्फातले ट्रिनिटी चर्च

न्यूयॉर्कचा वॉल स्ट्रीट पश्चिमेला ब्रॉडवेला जिथे मिळतो, तिथे ट्रिनिटी चर्च उभे आहे. गाय कार्लटन विगिन्स (१८८३–१९६२) या अमेरिकी चित्रकाराने ते भर हिमवर्षावात अनेकदा रंगवले. शहराच्या अशा हिमचित्रांत त्याने इमारतींवर राष्ट्रध्वजही लावलेले दाखवले आहेत. असे झेंडे सुटीच्या दिवशी लावतात. राष्ट्राध्यक्ष लिंकनची जयंती १२ फेब्रुवारीला आणि वॉशिंग्टनची २२ फेब्रुवारीला येते, म्हणजे ऐन हिवाळ्यात. सैनिकांचा स्मृतिदिन मात्र मेअखेरीस पाळतात. त्या दिवशी झेंडे मिळतील, बर्फ मिळणार नाही.

चर्चची ही तिसरी वास्तू. पहिली १७७६ च्या आगीत जळाली. दुसरी १८३८-३९ च्या हिवाळ्यात बर्फाच्या भाराने खिळखिळी झाली आणि पाडावी लागली. तेव्हा या जागेचे बर्फाशी नाते चित्रांच्याही आधीचे आहे. रिचर्ड अपजॉनने गॉथिक धाटणीत बांधलेली आजची वास्तू १८४६ मध्ये पुरी झाली. तिचे २८१ फुटी शिखर अनेक दशके शहरात सर्वांत उंच होते. विगिन्सच्या काळात आजूबाजूच्या कचेऱ्यांनी त्याला केव्हाच खुजे केले होते.

त्याच्या चित्रांत वॉल स्ट्रीटच्या बाजूने पाहिले, की दुतर्फा उंच भिंती आणि त्यांच्या फटीत धुराने काळवंडलेले चर्च दिसते. बर्फामुळे ही गर्दी आवरते: वरचे मजले करड्या धूसरतेत विरतात, खिडक्यांचे तपशील पुसले जातात आणि शिखराचा गडद आकार तेवढा उरतो. दृक्प्रत्ययवादी चित्रकारांप्रमाणे विगिन्स बर्फ निव्वळ पांढरा रंगवत नाही. त्यात निळसर, जांभळट छटा मिसळतो. पडणारे कण म्हणजे रंगाचे सुटे ठिपके. या फिक्या पटावर झेंड्यांचा लाल रंग थोडासाच असतो, पण नजर प्रथम तिथेच जाते.

झेंड्यांचे रस्ते त्याच्याआधी चाइल्ड हॅसम या अमेरिकी चित्रकाराने १९१६ ते १९१९ या काळात रंगवले होते. हॅसमचे झेंडे मात्र युद्धकाळातले, अख्खा रस्ता व्यापणारे. विगिन्सकडे ते सुटीच्या दिवसाची खूण म्हणून येतात आणि त्यांच्याखालून माणसे छत्र्या सावरत नेहमीच्या कामाला निघालेली असतात. लोकांना ही हिमचित्रे फार आवडली, म्हणून त्याने ती पुन्हा पुन्हा केली. त्यांतली काही ठरावीक साच्यातली वाटतात. चर्चच्या चित्रांत हा साचा कमी खटकतो, कारण तिथे रचना मुळात रस्त्यानेच आखून दिलेली आहे.