उन्हाची शिंक

आमच्या साताऱ्याच्या जुन्या घराचें माजघर इतकें अंधारें आहे कीं, भर दुपारींही तेथें दिवा लावावा लागतो. थंडीच्या दिवसांत सकाळीं अजिंक्यताऱ्याच्या खांद्यावरून ऊन ओट्यावर उतरलें, कीं घरांतलीं लहानमोठीं माणसें तेथें येऊन बसतात. आमचा धाकटा नातू, वय पावणेतीन वर्षें, माजघरांतून ओट्यावर येतो, तोंड वर करतो आणि लागोपाठ तीन शिंका देतो. चौथी कधीं येत नाहीं. त्याची आजी स्वयंपाकघरांतून न पाहतांच "शतायुषी हो" म्हणते. वर्षभर हा क्रम चालला होता, आणि त्यांत कोणास कांहीं विशेष वाटलें नव्हतें.

पौषांत एके दिवशीं सूनबाईंचा चेहरा उतरलेला दिसला. उजेडानें शिंका येणें हें स्वमग्नतेचें लक्षण असूं शकतें, असें त्यांच्या कोठेंसें वाचनांत आलें होतें. तेव्हांपासून त्या मुलाची प्रत्येक हालचाल मोजूं लागल्या. कुकरची शिटी झाली कीं तो कानांवर हात ठेवतो. खेळण्यांतल्या मोटारी ओळीनें मांडतो. जेवतांना दोनदां हांक मारावी लागते. काल ज्या गोष्टींचें कौतुक होतें, त्याच आज पुराव्यादाखल उभ्या राहिल्या. थोरल्या वहिनींनीं मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. बंधूंनीं "हें वाचनाचें खूळ आहे" म्हणून विषय उडवून लावला. दोन्ही उपायांनीं सूनबाईंची झोंप परत आली नाहीं. एका रात्रीं त्यांनीं मला विचारलें, "मामंजी, खरें सांगा, तुमच्या शाळेंत अशीं मुलें होतीं कां?"

प्रश्न सरळ होता. त्याचें उत्तर द्यावयास मला दोन महिने लागले.

मी वैद्य नव्हे. मॅट्रिक झालेला मास्तर. पण संस्कृत ग्रंथ चाळण्याची खोड लहानपणीं वाईस काकांच्या हाताखालीं लागली, ती अजून सुटलेली नाहीं. म्हणून प्रथम हात गेला तो कपाटांतल्या सुश्रुतसंहितेकडे. उत्तरतंत्राच्या बाविसाव्या अध्यायांत नाकाचे रोग सांगितले आहेत. तेथें शिंकेला 'क्षवथु' असें नांव असून तिचे दोन प्रकार केले आहेत : एक शरीरांतील दोषानें येणारी, दुसरी बाहेरच्या कारणानें येणारी. बाहेरच्या कारणांत तिखट पदार्थ हुंगणें, नाकांत सूत वगैरे घालणें, यांच्याच पंक्तीला 'अर्कनिरीक्षण', म्हणजे सूर्याकडे पाहणें, हें बसविलेलें आहे. ग्रंथ मांडीवर उघडा ठेवून मी बराच वेळ तसाच बसलों. वाग्भट तर याच्याही पुढें जातो. अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानांत चौथ्या अध्यायीं, अडलेली शिंक मोकळी करण्याचे उपाय सांगतांना तीक्ष्ण धूम, अंजन, नस्य यांच्या जोडीला तो सूर्यदर्शन सांगतो. ज्या प्रकारानें आमचें घर घाबरलें, तो आपल्या वैद्यांना इतका परिचयाचा होता कीं, त्यांनीं त्याचें औषध करून ठेवलें! शिवाय हा विषय त्यांनीं नासारोगांत घातला आहे, उन्मादाच्या प्रकरणांत नव्हे. (सूर्याकडे टक लावून पाहण्याचा उपाय मात्र आज कोणीं करूं नये, त्यानें दृष्टिपटल कायमचें भाजतें.)

ग्रीक लोकांनाही हें कोडें पडलें होतें. ॲरिस्टॉटलच्या नांवावर असलेल्या एका प्रश्नसंग्रहांत, सूर्याच्या उष्णतेनें शिंक येते आणि विस्तवाच्या उष्णतेनें कां येत नाहीं, असा प्रश्न आहे. म्हणजे त्यानें दोष उष्णतेकडे दिला. पुढें इंग्लंडांत फ्रान्सिस बेकन यानें ही समजूत एका साध्या युक्तीनें मोडली. 1627 सालीं, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत तो म्हणतो कीं, डोळे मिटून नाक उन्हाकडे धरलें तर शिंक येत नाहीं. नाकाला ऊब तर तितकीच लागते. तेव्हां वाट नाकाची नसून डोळ्यांची आहे. हा प्रयोग मीं ओट्यावर स्वतःवर करून पाहिला. बेकन बरोबर होता.

होय, मीही शिंकतों. मी दोनदां, माझे चिरंजीव तीनदां. माझ्या वडिलांची तर या शिंकेनें फार फजिती होई. ते कामाला निघाले कीं, अंधाऱ्या माजघरांतून अंगणांत पाऊल टाकतांच त्यांना शिंक येई. शिंक म्हणजे अपशकुन. म्हणून ते परत फिरत, पाणी पीत, घटकाभर आंत बसत आणि पुन्हां निघत. तोंवर डोळे पुन्हां अंधाराला सरावलेले असत, आणि अंगणांत पुन्हां शिंक! आमची आई शेवटीं त्यांना ओट्यावरच पाणी देऊं लागली. तिला शास्त्र ठाऊक नव्हतें, पण उपाय अगदीं बिनचूक होता. कारण ही शिंक केवळ उजेडानें येत नसून, अंधारांतून उजेडांत एकाएकीं आल्यानें येते. डोळे एकदां उजेडाला सरावले कीं ती थांबते.

आतां तिचें वर्म. नाकांतली खाजखळग मेंदूला कळविणारी जी मज्जातंतूंची जोडी आहे, तिला त्रिशाखी म्हणतात. तिची एक शाखा डोळ्याकडेही गेलेली आहे. डोळ्यांवर एकदम प्रकाश पडला कीं दृष्टीच्या वाटेनें जाणारी वर्दी कोठें तरी शेजारच्या त्रिशाखीच्या वाटेवर सांडते, आणि नाकांत कांहीं गेलें अशा समजुतीनें मेंदू शिंकेची आज्ञा देतो, असा सर्वसाधारण तर्क आहे. शंभर माणसांत अठरांपासून पस्तीसांपर्यंत लोकांना हें होतें, असे निरनिराळ्या पाहण्यांचे आंकडे आहेत. आईबापांपैकीं एकाला असलें तर मुलाला येण्याचा संभव निम्म्याइतका असतो. 1978 सालीं अमेरिकेंतील डॉक्टरांनीं याला जें नांव दिलें, त्याचीं आद्याक्षरें जुळवून शिंकेचाच आवाज होतो. विद्वानांनाही विनोद सुचतो, तो असा.

यांत धोका मुळींच नाहीं असें नाहीं. साताऱ्याहून पुण्यास जातांना खंबाटकीचा बोगदा लागतो. त्यांतून बाहेर पडतांच माझे चिरंजीव हमखास शिंकतात, आणि शिंकतांना डोळे मिटतात. गाडी तेच चालवीत असल्यामुळें तेवढा वेळ मी रामनाम घेतों. हल्लीं ते बोगद्याचें तोंड दिसूं लागलें कीं काळा चष्मा चढवितात. तसेंच डोळ्याच्या शस्त्रक्रियेपूर्वीं अशा माणसानें आपली खोड डॉक्टरांस सांगून ठेवावी. डोळ्याजवळ सुई टोंचतांना कांहींना एकाएकीं शिंक येते, असें नेत्रवैद्यांनीं नमूद केलें आहे.

मग स्वमग्नता यांत आली कोठून? ही शंका निव्वळ हवेंतून आलेली नाहीं, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. 1943 सालीं बाल्टिमोर येथील बालमनोवैद्य लिओ कॅनर यानें अकरा मुलांचें वर्णन करून ही अवस्था जगापुढें मांडली. अशा पुष्कळ मुलांना आवाज, उजेड, कपड्याचा स्पर्श हीं असह्य होतात. कांहींना उलट जाणवतच नाहींत. अमेरिकेंतील मनोवैद्यांच्या 2013 च्या नियमावलींत हें एक लक्षण म्हणून नोंदलें गेलें. इकडे 2010 सालीं झुरिकच्या संशोधकांना असें आढळलें कीं, उजेडानें शिंकणाऱ्यांच्या मेंदूचा दृष्टीचा भाग चित्र पाहतांना इतरांपेक्षां अधिक उत्तेजित होतो. त्याच वर्षीं अमेरिकेंत हजारों लोकांच्या आनुवंशिक द्रव्याची तपासणी झाली, तींत या शिंकेशीं निगडित अशा दोन खुणा सांपडल्या. त्यांतली एक ज्या जनुकाजवळ आहे, तें जनुक समूळ बिघडल्यास मुलाच्या बुद्धीची वाढ खुंटते. हे सुटे मणी एका दोऱ्यांत ओंवले कीं भीतीची माळ तयार होते. पण मण्यांना दोरा नाहीं. ती खूण म्हणजे निरोगी माणसांत सर्रास आढळणारा एका अक्षराचा पाठभेद आहे. जनुकाचा नाश नव्हे. पोथींत एके ठिकाणीं पाठभेद आढळला म्हणून पोथी जळाली असें कोणी म्हणत नाहीं. उजेडाची शिंक आणि स्वमग्नता यांचा संबंध सिद्ध झालेला नाहीं.

शेवटीं मीं सूनबाईंस गणित घालून दिलें. शंभर मुलांत उजेडानें शिंकणारीं निदान अठरा. स्वमग्न मूल शंभरांत सुमारें एक. तें एक मूल शिंकणाऱ्यांतलें आहे असें धरलें, तरी उरलेल्या सतरांच्या आया विनाकारण रात्री जागणार. आणि तें शिंकणाऱ्यांत नसलेंच, तर त्याची आई निर्धास्त राहणार. हें दुसरें अधिक वाईट.

त्यांनीं मान हालविली, पण माझ्याकडे पाहत राहिल्या. त्यांचा मूळ प्रश्न तसाच होता. तेव्हां सांगितलें.

सांगलीस मी शिक्षक होतों, तेव्हांची गोष्ट. माझ्या वर्गांत एक मुलगा होता. प्रार्थनेसाठीं वर्गांतून मैदानांत आला कीं तो शिंके. रोज, ठरलेल्या वेळीं. मुलें हंसत, प्रार्थना मोडे. हा मुद्दाम करतो अशी माझी खात्री झाली होती. घंटा झाली कीं तो कान झांकून भिंतीकडे तोंड करी. नांव पुकारलें तर ओ देत नसे, पण 'राम' शब्द मध्येंच कोठूनही म्हणावयास सांगितला तर एक विभक्ति चुकत नसे. मीं त्याला उर्मट ठरविलें. एकदां शिंकेसाठीं त्याला उन्हांतच उभा केला. आणि ज्या उन्हानें मी स्वतः शिंकतों, त्याच उन्हांत! त्याची आई दुसऱ्या दिवशीं आली. "गुरुजी, तो तसाच आहे हो," एवढेंच म्हणाली. 'तसाच' म्हणजे कसा, हें मीं विचारलें नाहीं. शिंक सगळ्यांना ऐकूं येई, म्हणून तिला शिक्षा झाली. ओ न देणें, डोळ्याला डोळा न देणें, मधल्या सुटींत एकट्यानें भिंतीलगत चालणें, हें तीन वर्षें माझ्यासमोर होतें, आणि माझ्या लेखीं तो केवळ हट्ट होता. पुढें कित्येक वर्षांनीं पुण्याच्या डॉक्टरांनीं त्याच्या अवस्थेला नांव दिलें, असें कानांवर आलें.

सूनबाई कांहीं बोलल्या नाहींत. दुसऱ्या दिवशीं आम्ही दोघें मुलाला घेऊन येथील बालरोगतज्ज्ञांकडे गेलों.

डॉक्टरांनीं शिंकेची गोष्ट ऐकून घेतली आणि बाजूस ठेवली. त्यांचे प्रश्न निराळे होते. नऊ महिन्यांचा असतांना हांकेला वळत होता कां? वर्षाचा झाल्यावर हवी ती वस्तु बोटानें दाखवी कां? सोळा महिन्यांपर्यंत एखादा शब्द आणि दोन वर्षांपर्यंत 'पाणी दे' अशी दोन शब्दांची जोडी आली कां? आलेली भाषा कधीं गेली कां? ही शेवटची गोष्ट घडली तर कोणत्याही वयांत विलंब करूं नये, असें ते म्हणाले. मग अर्धा तास त्याला खेळूं देऊन ते नुसते पाहत बसले. आमच्या चिरंजीवानें टेबलावरची घोड्याची मूर्ति प्रथम डॉक्टरांना, मग आईला, मग मला बोटानें दाखविली, आणि प्रत्येकानें घोडा पाहिला कीं नाहीं याची खात्री करून घेतली. "हें मी शोधीत होतों," डॉक्टर म्हणाले. आपण पाहिलेलें दुसऱ्यानेंही पाहावें, ही ओढ. मग त्यांनीं विचारलें, "घरांत आणखी कोण शिंकतें?" मीं हात वर केला.

ती ओढ दिसत नाहीं अशी शंका आल्यास 'बोलेल पुढें, याचा बापही उशिरां बोलला' म्हणून एकत्र कुटुंबांतले वडीलधारे जो धीर देतात, तो देऊं नये. मीही असा धीर पुष्कळांना दिलेला आहे. 2013 पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांत अशा मुलांसाठीं जिल्ह्याच्या ठिकाणीं शीघ्र हस्तक्षेप केंद्रें योजिलेलीं आहेत, आणि 2016 च्या कायद्यानें स्वमग्नतेला दिव्यांगत्वाच्या यादींत स्पष्ट स्थान दिलें आहे. आजार लपविण्यापेक्षां कागद करून घेणें शहाणपणाचें.

माघांत सांगलीस बहिणीकडे गेलों होतों. सकाळीं गणपतीच्या देवळांत गेलों, तों सभामंडपांत तो दिसला. आतां चाळिशीचा पुरुष. आई फार थकली आहे. तिनें मला ओळखलें. त्यानें ओळखलें कीं नाहीं, तें कळलें नाहीं. त्याची दृष्टि फरशीवर होती. तिघेंही बाहेर आलों. पायरीवर ऊन होतें. तो शिंकला, आणि मागोमाग मी. इतक्यांत आरतीची घंटा सुरू झाली, आणि त्यानें दोन्ही हात कानांवर नेले. मला त्याच्याशीं बोलावयाचें होतें. घंटा थांबेपर्यंत मी थांबलों.