विजेच्या तारांची आकाशांतून पाहणी

विजेची तार ज्याच्या शेतावरून गेलेली नाहीं असा बागाईतदार आतां विरळाच. मोटेची जागा पंपानें घेतली आणि पंपाबरोबर खांब, तारा व रोहित्र हींही आपल्या संसारांत आलीं. बांधाची, पाटाची, विहिरीची पाहणी आपण स्वतः करतों. परंतु डोक्यावरून जाणाऱ्या तारेची पाहणी कोण करतो, केव्हां करतो आणि पुढें तिचें काय होतें, हें विचारण्याचें आपल्या ध्यानींही येत नाहीं. अलीकडे हें काम ड्रोन नांवाच्या लहान उडत्या यंत्राकडून व चित्रें तपासणाऱ्या संगणकाकडून करून घेण्यांत येऊं लागलें आहे. उद्यां तें आपल्याही उभ्या पिकावर घोंघावत येईल. म्हणून त्याची माहिती सभासदांपुढें ठेवीत आहों.

नोकरींतून मोकळे झाल्यापासून आम्ही जुईनगर येथें राहतों. १९७० सालीं सिडको स्थापन होऊन नवी मुंबई वसूं लागली, त्यापूर्वीं या बाजूस भातखाचरें व मिठागरें होतीं. पश्चिमेस ठाण्याची खाडी व तिच्या कडेचें कांदळवन आहे. वाशीच्या पुलावरून पाहिलें म्हणजे खाडीच्या चिखलांत उभे असलेले विजेचे उंच मनोरे दिसतात. त्यांच्या पायथ्याशीं जावयाचें तर भरती-ओहोटी पाहून जावें लागतें. १९१५ सालीं टाटांच्या खोपोली येथील केंद्रांतून मुंबईस वीज येऊं लागली. तेव्हांपासून तारमार्ग तपासण्याची मुख्य रीत एकच होती. माणसानें मार्गाखालून पायीं चालावें, दुर्बिणीनें वर पाहावें, आणि संशय आल्यास वीज बंद करून मनोऱ्यावर चढावें.

एका मार्गावर किती लोकांचें जिणें अवलंबून असतें याचा अनुभव आम्हांस ता. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं आला. सकाळीं दहाच्या सुमारास मुंबई, ठाणें व नवी मुंबई येथील वीज एकाएकीं गेली व लोकलगाड्या जागच्या जागीं उभ्या राहिल्या. कळवा-पडघा या ४०० केव्ही मार्गाच्या एका सर्किटची दुरुस्ती चालू असतां सर्व भार दुसऱ्यावर होता व त्यांतच बिघाड झाला, असें त्या दिवशीं ऊर्जामंत्र्यांनीं सांगितलें. ड्रोन असता तर हें टळलें असतें असें आमचें म्हणणें नाहीं. वीज बंद न करतां जितकी तपासणी होईल तितकी बरी, एवढाच बोध त्यांतून घ्यावयाचा. पुढल्याच वर्षीं महापारेषण कंपनीच्या अतिउच्चदाब मार्गांची व मनोऱ्यांची देखरेख ड्रोननें करण्याचें राज्याच्या ऊर्जाखात्यानें जाहीर केलें.

आतां यंत्र पाहतें तें काय, तें सांगतों. तारेचा सांधा सैल झाला किंवा गंजला म्हणजे तेथें विजेस अडथळा होतो व सांधा तापतो. प्रवाह दुप्पट झाला तर ही उष्णता चौपट होते; म्हणूनच पंपांचा भार वाढला कीं कच्चे सांधे जळतात. तापलेला सांधा नुसत्या डोळ्यांस थंड सांध्यासारखाच दिसतो. परंतु उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यांत तो निखाऱ्यासारखा उठून दिसतो. दुसरें, चिनी मातीच्या किंवा कांचेच्या वाट्या, ज्यांस इन्सुलेटर म्हणतात, त्यांची फूट. आमच्या खाडीकांठीं त्यांवर मिठाचा व कारखान्यांच्या धुळीचा थर बसतो. पहाटेच्या दंवानें तो ओला झाला म्हणजे त्यावरून वीज झिरपूं लागते. तिसरें, तारांचा झोळ. लेसर किरणांच्या साह्यानें तार जमिनीपासून किती उंच आहे तें मोजतां येतें. मात्र उन्हानें व भारानें तार लांबते, यास्तव थंडीच्या सकाळीं पुरेशी उंच भासलेली तार वैशाखांतल्या दुपारीं उसास टेकूं शकते. मोजणी कोणत्या वेळीं केली हें न लिहिलेली मोजणी अर्धीच समजावी.

अशा फेरींतून ढीगभर चित्रें निघतात. तीं सर्व डोळ्यांखालून घालणें माणसास जड जातें, म्हणून तें काम संगणकाकडे देतात. त्यास ही दृष्टि येते कशी? नवा तलाठी जुन्या माणसाबरोबर शिवार फिरून आणेवारीची नजर कमावतो, तशीच. जाणत्या कामगारांनीं दोष दाखवून खुणा केलेलीं हजारों चित्रें संगणकास दाखवितात. त्यांवरून तो नव्या चित्रांतील दोष हेरूं लागतो. यासच कृत्रिम बुद्धि म्हणतात. परंतु तो निवाडा देत नाहीं, संशय दर्शवितो. कधीं पक्ष्याच्या घरट्यास तो बिघाड म्हणतो. कधीं पूर्वीं न पाहिलेल्या प्रकारचा खरा बिघाड सोडून देतो. संशयी स्वभावाचा ठेवला तर व्यर्थ फेऱ्या वाढतात, सैल ठेवला तर धोका राहतो. तेव्हां शेवटची सही जाणत्या माणसाचीच हवी. आणि दोष सांपडल्यावर खांबावर चढून सांधा आवळणारे हात वायरमनचेच असतात. तें काम ड्रोन करीत नाहीं. शिवाय मुसळधार पावसांत व वादळी वाऱ्यांत, म्हणजे गरज अधिक असते त्या वेळीं, लहान ड्रोन उडवितां येत नाहीं.

येथें आमच्या नोकरींतील एक गोष्ट सांगणें प्राप्त आहे. एका शेतकऱ्याचा दीड एकर ऊस जळाला. वाऱ्यानें तारा एकमेकींस घासून ठिणग्या पडल्या, असें तो सांगे. तारा लोंबल्याचें त्यानें तीन वेळां वायरमनास तोंडीं सांगितलें होतें. कागद एकही नव्हता. पंचनाम्यांत “आगीचें कारण समजून आलें नाहीं” असें वाक्य पडलें, आणि ती स्वच्छ प्रत आमच्याच हातची होती. त्याचें म्हणणें आम्हांस खरें वाटत होतें. तरी “अर्जदार सांगतो कीं” एवढ्या शब्दांनींही आम्हीं तें कागदावर घेतलें नाहीं. त्यास भरपाई मिळाली नाहीं. तो दोष आमचा, आणि तो आम्हांस अजून डांचतो.

त्या वेळीं तारीख, वेळ व ठिकाण यांसह तारांचें एक चित्र असतें, तर तें वाक्य लिहितां आलें नसतें. ड्रोनच्या चित्रांत या तिन्ही गोष्टी नोंदल्या जातात; शेतकऱ्याच्या दृष्टीनें या यंत्राचें मोल येथें आहे. परंतु कंपनीच्या दप्तरांत पडून राहिलेलें चित्र साक्ष देत नाहीं. यास्तव पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या.

तक्रार तोंडीं करूं नये. गट नंबर, खांबाचा नंबर, दोष व तारीख लिहून अर्ज द्यावा व पोच घ्यावी. तांतडीच्या प्रसंगीं १९१२ या क्रमांकावर कळवावें व तक्रारीचा क्रमांक टिपून ठेवावा. शेतावर ड्रोन आला तर दगड मारूं नये. कोणत्या कंपनीचा, कोणत्या कामासाठीं, तें विचारून तारीख लिहून ठेवावी. महावितरण व महापारेषण या सरकारी कंपन्या असल्यानें, २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखालीं पाहणीची चित्रें व त्यांवर झालेलें काम यांची नक्कल मागतां येते. स्वतःचा ड्रोन मात्र तारांजवळ नेऊं नये. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणें विमानतळाच्या आसपास तर परवानगीवांचून तो उडवितांच येत नाहीं.

शेवटीं एक सूचना. प्रत्येक गांवच्या सोसायटीनें एक तारवही घालावी. तींत गट नंबर, खांब, दोष, कळविल्याची तारीख, पोच व दुरुस्तीची तारीख असे सहा रकाने पुरेत. मृग निघण्यापूर्वीं एकदां आणि ऊस तोडणीस येण्यापूर्वीं एकदां, अशी वर्षांतून दोन वेळां तिची तपासणी सभेपुढें व्हावी. आकाशांतून यंत्र पाहील तें पाहो. जमिनीवरून आपण पाहिलेलें कागदावर असलें, म्हणजे पंचनामा लिहिणाऱ्या कारकुनास कारण समजून न येण्याची सोय उरणार नाहीं.