ट्रॅक्टरच्या नाकात गार हवा : घरच्या घरी काय करावे, काय टाळावे



ऊस वाहणाऱ्या कोणत्याही ट्रॅक्टरवाल्याला विचारा, पहाटेची खेप आणि दुपारची खेप यांत फरक असतो. ऊस तेवढाच, ट्रेलर तेच, रस्ता तोच. पण पहाटे जी चढण ज्या गिअरात निघते, ती दुपारी दोन वाजता त्या गिअरात निघत नाही. एक गिअर खाली घ्यावा लागतो आणि सायलेन्सरमधून काळा धूर येतो. गडी म्हणतो, "इंजिनाला ऊन लागलं." त्याचे म्हणणे खोटे नाही. इंजिन हवा खाते, आणि तापलेली हवा पातळ असते.

यावर अलीकडे गावोगावचे मिस्त्री नाना उपाय करून देतात. कोणी हवेची नळी बॉनेटबाहेर काढतो, कोणी पत्रा ठोकतो, कोणी नळीला ओले गोणपाट गुंडाळतो, तर कोणी सरळ जाळीच काढून टाकतो. यांतले काही उपाय खरोखर चांगले आहेत. काही मात्र एका हंगामात इंजिन बसवतील. ट्रॅक्टर बहुतेकांचा कर्जाचा असतो, आणि ऐन हंगामात तो उभा राहिला की वाहतुकीची कमाई थांबते, हप्ता मात्र थांबत नाही. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ.

हवेचा हिशोब

एक किलो डिझेल पुरते जळायला सुमारे साडेचौदा किलो हवा लागते. धूर होऊ नये म्हणून डिझेल इंजिनाला त्याहून बरीच जास्त, म्हणजे वीस किलोच्या आसपास द्यावी लागते. एक लिटर डिझेलचे वजन साधारण 830 ग्रॅम. म्हणजे एक लिटर डिझेलमागे सोळा-सतरा किलो हवा. मापाने सांगायचे तर 15 हजार लिटरच्या पुढे, अर्थात दोनशे लिटरची 75 पिंपे भरून! आपण डिझेलचा थेंब न् थेंब मोजतो. हवेकडे कोणी पाहत नाही.

हवा तापली की फुगते. पिंप तेवढेच, पण आतला माल कमी. ढोबळ हिशोब असा धरावा : दर 3 अंश सेल्सिअसला सुमारे 1 टक्का हवा घटते. बाहेर 38 अंश असताना इंजिन बॉनेटखालची 62 अंशांची हवा ओढत असेल, तर 24 अंशांचा फरक पडला. म्हणजे सात-आठ टक्के हवा कमी. त्यात आपले नगर समुद्रसपाटीपासून सुमारे 650 मीटर उंचीवर. इथली हवा किनाऱ्यापेक्षा मुळातच सहा-सात टक्के विरळ आहे.

साध्या, म्हणजे टर्बो नसलेल्या इंजिनात पंप मात्र डिझेल ठरलेल्या मापानेच सोडतो. हवा कमी पडली हे त्याला कळत नाही. मग सगळे डिझेल जळत नाही, आणि न जळलेले काजळी होऊन धुराड्यातून बाहेर पडते. तो काळा धूर म्हणजे तुमच्या खिशातला पैसा.

एक खुलासा. रेडिएटरचे पाणी उकळणे हा वेगळा आजार आहे. पाणी उकळते तेव्हा इंजिनाचे अंग तापलेले असते. आपण बोलतो आहोत ते त्याच्या श्वासाबद्दल. दोन्ही आजारांचे एक मूळ मात्र सारखे आहे, ते म्हणजे पाचट.

आधी कंपनीची व्यवस्था जाग्यावर आणा

बऱ्याच ट्रॅक्टरांत हवागाळणी रेडिएटरच्या पुढे बसवलेली असते, किंवा तिची नळी बॉनेटच्या वर काढलेली असते. हे उगाच नाही. तिथे बाहेरची गार हवा मिळते. मग गरम हवा येते कुठून?

उसाच्या फडात पुढच्या जाळीवर पाचट आणि भुसा चिकटतो. समोरून हवा येईना की पंखा बाजूच्या फटींतून ओढतो, आणि रेडिएटरमधून निघालेली तापलेली हवाच फिरून पुढे येते. रेडिएटरच्या कडेचे रबर किंवा पत्रे मिस्त्रीने काढून ठेवले असतील तर हे हमखास होते. कारखान्याच्या आवारात नंबर लागेपर्यंत इंजिन तासन्‌तास चालू ठेवणाऱ्यांच्या बाबतीत तर इंजिन आपलीच उष्टी हवा खात बसते.

तेव्हा पहिला उपाय बिनपैशाचा. प्रत्येक खेपेला पुढची जाळी हाताने साफ करा. कडेचे पत्रे आणि रबरपट्ट्या परत बसवा. रांगेत इंजिन बंद ठेवा. निम्म्या लोकांचे काम इथेच भागेल.

मग मोजा

दुसरा उपाय करण्याआधी मोजून पाहा. लांब वायरीचा साधा तापमापक बाजारात मिळतो. त्याचे टोक हवानळीच्या तोंडाशी, पण आत ओढले जाणार नाही असे पक्के बांधा. भरलेली खेप दुपारी अर्धा तास चालवून आकडा बघा, आणि त्याच वेळी झाडाच्या सावलीतला आकडा घ्या. फरक पाच-सहा अंशांच्या आत असेल तर खटाटोप करू नका. मिळून मिळणार दोन टक्के. पंधरा-वीस अंशांचा फरक निघाला, तरच पुढचे वाचा.

करण्यासारखे उपाय

1. आडपडद्याचा पत्रा. हवानळी सायलेन्सरच्या जवळून जात असेल तर मध्ये काळ्या पत्र्याचा पडदा बसवावा. तो सायलेन्सरला किंवा नळीला टेकता कामा नये. दोन्हीकडे बोटभर फट हवी. त्या फटीतून वाहणारी हवाच उष्णता घेऊन जाते. बोल्टांना स्प्रिंग वॉशर टाका, नाहीतर हादऱ्याने पत्रा सैल होऊन नळी कापेल. फटीत पाचट अडकून पेट घेऊ शकते, म्हणून ती रोज साफ करा.

2. नळीचे तोंड गार जागी नेणे. तोंड सायलेन्सरपासून दूर आणि बॉनेटच्या वर असावे. नळीचा व्यास मूळच्यापेक्षा कमी नको. कोन शक्य तितके थोडे आणि मोठ्या वळणाचे हवेत. अरुंद नळीने गार हवा मिळाली तरी श्वास कोंडतो आणि कमावलेले जाते. पाण्याची पीव्हीसी नळी वापरू नका. ती तापून मऊ पडते आणि सांधा उघडतो. लोखंडी नळी घ्या, आतली वेल्डिंगची खपली पूर्ण काढा, वर पावसाची टोपी बसवा.

लष्करी जीपगाड्यांना उंच नळी दिसते, तिचा मुख्य हेतू ओढ्याचे पाणी आणि चाकांची धूळ टाळणे हा असतो. गारवा हा वरचा फायदा. आपल्या वाटांवरही जाड धूळ खालीच जास्त असते, म्हणून उंच तोंड दोन्ही अंगांनी चांगले.

3. टर्बोवाले ट्रॅक्टर. टर्बो हवा दाबतो आणि दाबल्याने ती फार तापते. म्हणून पुष्कळ यंत्रांत ती गार करायला इंटरकूलर दिलेला असतो. इथे घरगुती भर घालू नका. त्याच्या पाकळ्या साफ ठेवा. जोरदार पाण्याच्या फवाऱ्याने त्या वाकतात, म्हणून हलका फवारा मारा. नळ्यांच्या क्लिपा आवळा. 50 अश्वशक्तीवरच्या ट्रॅक्टरांना 2023 पासून प्रदूषणाचे नवे नियम लागू झाले असून, अशा नव्या इंजिनांत संगणक आणि सेन्सर असतात. त्यांची नळी कापली की वॉरंटीवर पाणी सोडावे लागेल.

टाळण्याचे उपाय

ओले गोणपाट : पाणी सुकले की तेच पेटते. ॲस्बेस्टॉसची दोरीही गुंडाळू नका. तिचे तंतू फुप्फुसाला घातक आहेत.

गाळणी काढणे : हा सगळ्यांत महाग उपाय. गाळणी काढली की इंजिन दोन दिवस मोकळे वाटते. पण मातीतले बारीक कण कानशीसारखे लायनर आणि रिंगा घासतात. मग इंजिन ऑईल पिते, निळा धूर येतो आणि निम्मे इंजिन उतरवावे लागते. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात रणगाड्यांची इंजिने धुळीने लवकर झिजत. शत्रूइतकीच धास्ती वाळूची होती. आपल्या शहरातल्या रणगाडा संग्रहालयात त्या काळचे रणगाडे पाहायला मिळतात. जे त्यांना सोसले नाही, ते आपल्या पंचेचाळीस अश्वशक्तीला काय सोसणार!

पंपाचा स्क्रू फिरवणे : हवा गार झाली म्हणून डिझेल वाढवू नका. ओढ वाढल्यासारखी वाटते, पण धूर वाढतो आणि पिस्टन तापतो. पंपाचे काम कॅलिब्रेशन करणाऱ्याचे.

शेवटी गाळणी

नळी हलवली, तोडली किंवा जोडली, की सर्वांत मोठा धोका गाळणीनंतरच्या सांध्यात असतो. तिथे केसाएवढी भेग असली तरी धूळ न गाळता थेट आत जाते. म्हणून होज रबराचा हवा, दोन्ही टोकांना क्लिप हवी. तपासायची रीत सोपी : इंजिन हळू चालू असताना नळीचे तोंड लाकडी फळीने क्षणभर झाका. सांधे घट्ट असतील तर इंजिन गुदमरून बंद पडू लागेल. तसेच चालत राहिले, तर कुठेतरी चोरवाट आहे. टर्बो इंजिनावर मात्र ही परीक्षा करू नये, आणि कुठल्याही इंजिनावर तोंडाला तळहात लावू नये.

तेलाच्या गाळणीत तेल खुणेपर्यंतच भरा. कमी पडले तर धूळ निसटते. जास्त झाले तर खड्ड्यांत ते वर चढून इंजिनात जाते. इंजिन तेच तेल जाळत बेफाम पळते आणि डिझेल बंद केले तरी थांबत नाही. हंगामात वाटी रोज उघडून पाहा, तळाशी गाळ साचला की तेल बदला. कागदी गाळणी असेल तर आतून बाहेर हलकी हवा मारा. आतली छोटी सुरक्षा-गाळणी मात्र साफ करायची नसते, बदलायचीच असते.

2021-22 चा हंगाम राज्यात काही ठिकाणी जूनपर्यंत लांबला होता. असा हंगाम पुन्हा आला तर इंजिनांना मे महिन्यातली हवा ओढावी लागेल. म्हणून मोळी टाकण्याआधीच, दिवाळीच्या सुमारास, जाळी, कडेचे पत्रे, सांधे आणि गाळणी ही चार कामे या क्रमाने करून घ्या. त्यानंतरही तापमापक जास्त दाखवत असेल, तरच पत्रा कापायला घ्या.