शिसपेन्सिल आणि जवळची वस्तू

मंचेरियलच्या माणसाला कोळशाची ओळख करून द्यावयास नको. श्रीरामपूर, मंदमर्री येथील सिंगरेणीच्या खाणींतून निघणारा कोळसा मुख्यतः कार्बनचा. आणि मुलांच्या दप्तरातील शिसपेन्सिलीतही कार्बनच, मात्र ग्राफाइटच्या रूपातला. नावात शिसे असले तरी पेन्सिलीत शिसे नसते. ग्राफाइट हे अतिशय पातळ थरांचे बनलेले असते. कागदावर घासले की हे थर सुटतात आणि रेघ उमटते. १७९५ मध्ये फ्रान्समध्ये काँते याने ग्राफाइटची भुकटी चिकणमातीत कालवून भाजण्याची रीत काढली. माती अधिक तर पेन्सिल कठीण व रेघ फिकट. माती कमी तर पेन्सिल मऊ व रेघ गडद. पेन्सिलीवरील 'एच' आणि 'बी' ही अक्षरे हाच फरक सांगतात.

इतकी स्वस्त वस्तू, म्हणूनच की काय, तिला मान नाही. पेन्सिलीचे चित्र म्हणजे खऱ्या चित्राची पूर्वतयारी, रंग चढला की झाकले जावयाचे, असा आपला समज. महाराष्ट्र शासनाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांनी कित्येक पिढ्यांना तांब्या-पेला किंवा एखादे फळ समोर ठेवून ते निरखावयास शिकविले. आज महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यांतील अनेकांच्या आईवडिलांनी त्या दिल्या असतील. पण प्रमाणपत्र हाती आले की वही रद्दीत जाते, आणि पाहण्याची सवयही तिच्याबरोबर जाते.

हा समज किती अपुरा आहे, ते विया सेल्मिन्स या चित्रकर्तीच्या कामावरून कळते. जन्म १९३८ चा, लॅटव्हियातील रीगा येथला. महायुद्धामुळे कुटुंबाला देश सोडावा लागला आणि १९४८ मध्ये ते अमेरिकेत पोहोचले. १९६४ च्या सुमारास कॅलिफोर्नियातील आपल्या चित्रशाळेतील दिवा, विजेची शेगडी, हीटर अशा वस्तूंचीच चित्रे तिने करड्या रंगांत रंगविली. पुढे १९६८ पासून तिने समुद्र काढावयास घेतला, आणि तो केवळ पेन्सिलीने. धक्क्यावरून स्वतः घेतलेली छायाचित्रे समोर ठेवून काढलेल्या या चित्रांत ना किनारा, ना होडी, ना क्षितिज. कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत फक्त लहान-लहान लाटा. पाहणाऱ्याची नजर कोठेच विसावत नाही, आणि तरीही ती तेथून हलत नाही. एवढा मोठा समुद्र, आणि कागद मात्र दोन हातांत धरता येईल एवढा!

तिने १९७७ ते १९८२ या काळात केलेले एक काम तर मला अधिकच विलक्षण वाटते. न्यू मेक्सिकोत सापडलेले अकरा दगड घेऊन तिने त्यांच्या ब्राँझच्या प्रतिकृती करविल्या व त्या अशा रंगविल्या, की खरा दगड कोणता हे ओळखताना पाहणारा चकतो. दगडावर पाच वर्षे! आपण गोदावरीच्या पात्रातील गोटे रोज तुडवितो; त्यांतला एखादा पाच मिनिटे तरी कोणी हातात धरून पाहिला आहे काय?

मराठीत रोजच्या वस्तूंचा असा विचार प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांनी केला. त्यांची रीत सेल्मिन्सहून अगदी निराळी. हुबेहूबपणा त्यांना नको होता. घड्याळ, पान, फळ अशा साध्या गोष्टी ते मोकळ्या अवकाशात एकमेकींपासून दूर ठेवीत, आणि त्यांच्यामधली रिकामी जागाच बोलू लागे. कॅनव्हासवर ते चकचकीत एनॅमल रंग वापरीत. तथापि या चित्रांची मुळे त्यांच्या रोजनिशांत, तेथील टिपणांत आणि रेखाटनांत आहेत. १९९० साली प्रसिद्ध झालेले त्यांचे 'कोरा कॅनव्हास' हे पुस्तक मराठी घरात असावे असेच आहे. २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचे मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा या वह्याही लोकांसमोर आल्या. कोणी त्या रद्दीत घातल्या असत्या, तर बरवे यांचे अर्धे मन आपल्याला कळलेच नसते.

घरात मुलांची रेखाटने असतील तर ती राखणे कठीण नाही. ग्राफाइट उन्हाने विटत नाही. पिवळा पडतो तो कागद. रेघ मात्र हाताच्या घर्षणाने पुसट होते. म्हणून दोन चित्रांमध्ये पातळ कोरा कागद घालावा, चित्रे गुंडाळून न ठेवता सपाट ठेवावीत, आणि पाठीमागे मुलाचे नाव व तारीख लिहावी, तीही शिसपेन्सिलीनेच. शाई ओलाव्याने पसरते.